गुटगुटीतपणाची शंभर वर्षे

मूल अंगाने भरलेले असावे ही मराठी घरातली इच्छा इतकी जुनी आणि इतकी सार्वत्रिक आहे, की तिलाही काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. त्यामुळे बालरोगतज्ज्ञ काट्याकडे बघून ‘वजन जास्त आहे, आवरा’ म्हणतात तेव्हा आईवडील गोंधळतात आणि आजी नाराज होते. त्यांच्या लेखी तो आकडा कौतुकाचा असतो. यावर वर्तमानपत्रांचे निदान ठरलेले आहे: दोष पालकांचा. लाड जास्त, शिस्त कमी, हातात मोबाइल, डब्यात बिस्किटे. यात तथ्य नाही असे नाही. पण पालकांच्या हाती जे माप आहे ते त्यांनी स्वतः घडवलेले नाही. ते आधी बालमृत्यूंनी घडवले, मग डॉक्टरांनी, मग डबाबंद दुधाच्या कंपन्यांनी आणि शेवटी सरकारने. पहिल्या दोन वर्षांसाठी ते माप बव्हंशी बरोबरच आहे. चूक त्यापुढे होते, कारण ते खाली कधी ठेवायचे हे शंभर वर्षांत कोणी नीट सांगितलेच नाही. मुलांच्या लठ्ठपणात पालकांचा वाटा किती, हा प्रश्न या इतिहासाला टाळून सुटणार नाही.

सुरुवात मृत्यूपासून करावी लागते. एकोणिसाव्या शतकात मूल जगेल याची खात्री वाड्यात नव्हती आणि झोपडीतही नव्हती. आनंदीबाई जोशी यांचे मूल अवघ्या दहा दिवसांचे होऊन गेले आणि त्या दुःखातून त्या वैद्यकाकडे वळल्या, हे सर्वांना माहीत आहे. नावे मात्र त्याहून अधिक बोलकी आहेत. आधीची अपत्ये दगावलेल्या घरात पुढच्या मुलाचे नाव दगडू, धोंडू किंवा भिकू ठेवीत, म्हणजे त्याच्याकडे मृत्यूचे लक्ष जाऊ नये. गालाला तीट, संध्याकाळी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढणे, भरल्या अंगाच्या बाळाला चारचौघांत फार न मिरवणे, या सगळ्यांतून एकच गोष्ट दिसते. बाळसे धरलेले मूल ही दुर्मीळ आणि म्हणूनच जपण्याची चीज होती. त्यावर दुष्काळांचा थर चढला. १८७६ ते १८७८च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी सरकारी कामावरच्या मजुरांचे रोजचे धान्य एका पौंडावर, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅमवर आणले. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ आणि त्यांच्या जोडीला प्लेग आला. अशा काळात अंगावर चार बोटे मांस असलेले मूल गोवराच्या किंवा हगवणीच्या आठवड्यातून तरून जाई, काटकुळे मूल जाई ते परत येत नसे. हा अनुभव आज्यांनी पुस्तकात वाचलेला नव्हता, पाळण्याशेजारी बसून घेतलेला होता.

आपल्या परंपरेला लठ्ठपणा ठाऊकच नव्हता, असे मात्र कोणी समजू नये. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसावा अध्याय निंद्य मानलेल्या आठ प्रकारच्या शरीरांवर आहे आणि त्यात अतिस्थूल व अतिकृश या दोघांचा विचार सर्वांत विस्ताराने येतो. दोहोंत कृश बरा, कारण स्थूलावर उपचार करणे अधिक अवघड, असा स्पष्ट कौल तिथे दिलेला आहे. कारणांच्या यादीत गोड, जड, स्निग्ध अन्न, व्यायामाचा अभाव, दिवसा झोप आणि काळजीचा अभाव तर येतातच, शिवाय ‘बीजस्वभाव’ही येतो, म्हणजे आज आपण ज्याला आनुवंशिकता म्हणतो ते. पण हा सगळा विचार खाऊनपिऊन सुखी असलेल्या प्रौढाचा आहे. बालकांच्या बाबतीत वैद्यांची काळजी उलट दिशेची होती: मूल सुकणे, पाय न धरणे, दात उशिरा येणे. लठ्ठपणा हा मोठ्या माणसाचा दोष आणि वाळणे हा मुलाचा, अशी वाटणी आपल्या मनात तेव्हापासून झालेली दिसते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या घरगुती अनुभवाला शहरी आकडे येऊन मिळाले. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक अर्भकांचे मृत्यू नोंदले गेले. हा आकडा जसाच्या तसा घेता येत नाही. गिरणीतल्या आणि चाळीतल्या अनेक बायका बाळंतपणाला कोकणात किंवा घाटावर जात. जन्म गावी व्हायचा, त्याची नोंद मुंबईत नसायची, आणि मूल घेऊन त्या परतल्यावर मृत्यू मात्र मुंबईच्या खात्यात पडायचा. ही सूट देऊनही परिस्थिती भयंकरच होती आणि सर्वांत भयंकर होती एका खोलीच्या बिऱ्हाडांत. त्याच सुमारास मुंबई सरकारने गिरणीकामगार स्त्रियांची पाहणी करण्यासाठी डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांना नेमले. १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत असे होते, की आई पाळीवर असताना मूल निजून राहावे म्हणून या कामगार स्त्रियांपैकी जवळपास सगळ्याच जणी तान्ह्या मुलांना अफूची ‘बाळागोळी’ देतात. अफूने भूक मरते, मूल सुकते. हे वाचून संतापणारे सुशिक्षित तेव्हाही आईच्या अज्ञानाकडेच बोट दाखवीत. पाळणाघराविना दहा-दहा तास चालणाऱ्या गिरणीकडे फार कमी जणांचे बोट वळे. पालकांना दोष देण्याची आपली सवय लठ्ठपणापेक्षा बरीच जुनी आहे.

याच वातावरणात बाळांच्या स्पर्धा आल्या. त्यांचे मूळ इथले नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या जत्रेत १९११ साली गायीबैलांच्या परीक्षणाच्या धर्तीवर गुणपत्रिका करून बाळांना बक्षिसे दिली गेली, आणि त्या चळवळीत ‘चांगल्या वंशा’च्या कल्पना मिसळलेल्या होत्या हेही नमूद केले पाहिजे. ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धात माणसे मरत असताना, १९१७ साली, राष्ट्रीय ‘बेबी वीक’ साजरा झाला. व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी रीडिंग यांच्या पुढाकाराने १९२४ साली तो हिंदुस्थानात आला आणि प्रदर्शने, व्याख्याने, जादूच्या दिव्यावरची चित्रे यांच्या जोडीला बाळांच्या स्पर्धाही आल्या. आयोजक डॉक्टरांचा हेतू चांगला होता. स्वच्छता, देवीची लस, डोळे, दात, बाळाची वेळेवर देखभाल, हे सगळे त्यांना आईपर्यंत पोहोचवायचे होते, आणि पुण्यात सेवासदनासारख्या संस्था परिचारिका व सुईणी तयार करीत होत्या ते याच गरजेतून. पण लस टोचली आहे की नाही हे जमलेल्या लोकांना दिसत नाही. त्यांना दिसतात मांड्यांवरच्या वळ्या. पुढे नगरपालिका, महिला मंडळे, गणेशोत्सवाची मंडळे, क्लब या सगळ्यांनी ‘सुदृढ बालक स्पर्धा’ उचलली, आणि जसजसे परीक्षक डॉक्टरांऐवजी स्थानिक प्रतिष्ठित होत गेले तसतशी गुणपत्रिका मागे पडून वजन पुढे आले. स्पर्धेचा वयोगटही तान्ह्यांपुरता राहिला नाही, पाच वर्षांपर्यंतची मुले मंचावर येऊ लागली. माझ्या मते गोंधळाची ठिणगी इथे पडली. दहा महिन्यांच्या बाळाचे माप पाच वर्षांच्या मुलाला लावले गेले आणि तेही सार्वजनिक टाळ्यांच्या गजरात.

कंपन्यांनी हे चित्र छापून घरोघर पोहोचवले. नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डने १८५१ साली काढलेल्या ग्राइप वॉटरच्या बाटलीवर हातांत साप चिरडणारा बाळ हर्क्युलीस होता. बाटलीत साखर आणि दीर्घकाळपर्यंत थोडा मद्यार्कही होता. ग्लॅक्सो ही कंपनी मुळात दुधाच्या भुकटीची. तिच्या जाहिरातींचा सगळा भर बाळे गुबगुबीत होतात यावर होता, आणि १९२४ पासून तिचा व्यवहार हिंदुस्थानात सुरू झाल्यावर ‘ग्लॅक्सो बेबी’ हे गोऱ्या, गुबगुबीत बाळाचे मराठीतलेही विशेषण होऊन बसले. पुढे मर्फी रेडिओचे ओठांवर बोट ठेवलेले बाळ भिंतीवर आले. त्याचा दुधाशी काही संबंध नव्हता, तरी डोहाळजेवणाच्या घरात ते चित्र आवर्जून लावीत. म्हशीच्या दुधापासून बालआहार बनवण्याचे तंत्र म्हैसूरच्या अन्न तंत्रज्ञान संस्थेने विकसित केल्यावर १९६०च्या सुमारास ‘अमूल’चा डबा आला आणि परदेशी डब्यावरचे अवलंबन कमी झाले. देशी असो की विदेशी, डब्यावरचे बाळ एकाच घाटाचे होते. १९९२ च्या कायद्याने मातेच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांची जाहिरात बंद केली आणि वेष्टनावरच्या बाळाच्या चित्रालाही मनाई केली. चित्रावर बंदी घालावी लागते, यातच त्या चित्राची ताकद कबूल केलेली आहे. कायदा मात्र तान्ह्यांपुरता होता. शाळकरी वयासाठी दुधात घालायच्या गोड भुकट्या त्यातून सुटल्या आणि उंची, ताकद, अभ्यास यांची आश्वासने देत पुढली तीन दशके बिनघोर विकल्या गेल्या. ‘हेल्थ ड्रिंक’ या नावाखाली ही पेये ऑनलाइन विक्रीस ठेवू नयेत, असे केंद्र सरकारला सांगावेसे वाटले ते २०२४ साली.

सरकारचा वाटाही काही कमी नाही, फक्त तो सद्हेतूचा आहे. १९७२च्या दुष्काळातली सुकडी आणि मिलो ज्वारी ज्यांनी खाल्ली ती पिढी आजची आजी-आजोबा आहे, हे विसरून त्यांना उपदेश करू नये. त्याच काळात पुणे हे देशातल्या पोषणविषयक वादाचे केंद्र होते. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली दारिद्र्याची रेषा आखली ती दरडोई २२५० कॅलरींच्या आधारे. पां. वा. सुखात्मे यांचे म्हणणे असे, की माणसाची गरज कमीजास्त होते, शरीर जुळवून घेते, त्यामुळे सरासरीवरून उपाशी लोक मोजणे चूक आहे. वाद मोठा आणि तात्त्विक होता, पण दोन्ही बाजूंना एकच प्रश्न दिसत होता: अन्न पुरेसे मिळते की नाही. जास्त मिळाल्यास काय, हा प्रश्न त्या काळाचा नव्हताच. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना देशातल्या ३३ गटांत सुरू झाली आणि अंगणवाडीताईच्या हाती वाढतक्ता आला. तो तक्ता पाहावा. वजन वयाच्या मानाने घसरले की रेघ हिरव्यातून पिवळ्यात आणि त्याखालच्या गडद पट्ट्यात उतरते. रेघ वर चढत गेली तर तिच्यासाठी वेगळा रंग नाही. मेळघाटात मुले मरत असताना हे योग्यच होते. पण त्या तक्त्यावर शिकलेल्या दोन पिढ्यांना वर जाणारी प्रत्येक रेघ शुभच वाटणार, हे त्यातून अपरिहार्यपणे आले.

इथे एका गोष्टीची आठवण दिली पाहिजे, कारण ती या इतिहासाची दुसरी बाजू आहे. मोठ्या मुलासाठी मराठी समाजाने वेगळे माप घडवले होते आणि ते वजनाचे नव्हते. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४चे, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४चे, दादरचे समर्थ व्यायाम मंदिर १९२५चे. म्हणजे सुदृढ बालक स्पर्धा आणि या व्यायामशाळा यांचा काळ जवळजवळ एकच. तालमीत दहा वर्षांच्या पोराला ‘किती भरतो’ असे कोणी विचारत नसे. सूर्यनमस्कार किती, मल्लखांबावर काय येते, दम किती टिकतो, ही तिथली मोजमापे. तालमीच्या जगाचे दोष उघड आहेत. ते प्रामुख्याने मुलग्यांचे होते आणि त्यात जातीचा व राजकारणाचा रंगही होता. तरीही बाळपणीचे बाळसे झिजवून त्याचे अंग घडवायचे असते, एवढे तिथे गृहीत होते. पुढे स्कॉलरशिपची परीक्षा, शिकवणी, वाढती वाहतूक आणि इमारतींनी खाल्लेली मैदाने यांत तालीम मागे पडली. मागे राहिला तो तिचा खुराक. व्यायाम करणाऱ्या पोराला जे दूध, तूप आणि बदाम लागत, ते आता क्लासला जाणाऱ्या पोराला ‘बुद्धीसाठी’ दिले जातात.

खुराकाचे स्वरूपही बदलले, आणि त्याला पालक कारण नव्हते. लोणीच्या शेतकऱ्यांनी प्रवरेकाठी १९५०च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा केला, आणि सहकाराच्या त्या विस्तारात साखर, जी एके काळी रेशनवर मोजून मिळे, ती सर्वांत स्वस्त जिन्नसांपैकी एक झाली. पार्ल्याच्या कारखान्यात १९३९ पासून बनू लागलेले ग्लुकोज बिस्किट शक्तीचे खाद्य म्हणून विकले गेले आणि गरिबाच्या घरी ते खरोखर जेवणाची जागा घेई. ‘दुधाचा महापूर’ योजनेनंतर १९९८च्या सुमारास भारत जगातला सर्वांत मोठा दूध उत्पादक झाला. १९९४ साली पामोलिनच्या आयातीवरची बंधने उठली, तेल स्वस्त झाले, आणि पाच रुपयांच्या पाकिटातला तळलेला, खारट किंवा गोड पदार्थ खेड्यातल्या टपरीपर्यंत पोहोचला. टंचाईच्या काळात ‘मिळेल तेवढे खाऊ घाल’ ही रीत शहाणपणाची होती, कारण मिळणारेच थोडे होते. टंचाई गेली आणि रीत तशीच राहिली.

आता शरीराकडे येऊ, कारण इतिहासाचा सर्वांत खोल ठसा तिथे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवती आणि त्यांच्या बाळांचा पाठपुरावा केला. ही बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची साडेतीन किलोची. वजनात, पोटाच्या घेरात, स्नायूंत आपली बाळे बरीच मागे. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मोजली तेव्हा तफावत सर्वांत कमी निघाली. म्हणजे बाळ बारीक असते, तरी त्याच्या अंगातली चरबी टिकून असते आणि कमी पडते ते मांस. त्याच रुग्णालयात जन्मलेल्या मुलांच्या १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की जन्मतः लहान आणि आठव्या वर्षी अंगाने मोठी झालेली मुले मधुमेहाच्या वाटेवर सर्वांत पुढे होती. दिल्लीत १९६९ ते १९७२ दरम्यान जन्मलेल्यांचा पाठपुरावा २००४ साली प्रसिद्ध झाला. तरुणपणी ज्यांची साखर बिघडलेली होती ते दोन वर्षांपर्यंत बारीक होते आणि त्यानंतर त्यांचे वजन उंचीच्या मानाने झपाट्याने वाढत गेले होते. बाराव्या वर्षी त्यांच्यापैकी कोणीही प्रचलित व्याख्येनुसार लठ्ठ नव्हते, हे त्यातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य. यावरून दोन गोष्टी निघतात. पहिल्या दोन वर्षांत मूल भरले पाहिजे हा आजीचा आग्रह विज्ञानाने खोडलेला नाही, उलट बळकट केला आहे. आणि त्यापुढे तोच आग्रह धरल्यास जे मूल पाहणाऱ्याला ‘आत्ता कुठे अंग धरतेय’ असे वाटते, तेच धोक्याकडे सरकत असते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर यांच्या पुढाकाराने नवे वाढतक्ते काढले आणि जादा वजनाची रेघ पाश्चात्त्य मापापेक्षा खाली आणली, ती याच कारणासाठी.

यावर पहिला आक्षेप येतो तो आनुवंशिकतेचा. लठ्ठपणा रक्तातच असेल तर पालकांच्या वागण्याला काय महत्त्व? पुरावा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. डेन्मार्कमधल्या दत्तक मुलांचा १९८६चा अभ्यास सांगतो, की मोठेपणीचे त्यांचे शरीर जन्मदात्यांसारखे होते, सांभाळणाऱ्यांसारखे नव्हते. अमेरिकेतल्या १९९७च्या अभ्यासात तीन वर्षांखालच्या मुलाच्या जाडीवरून पुढचे भाकीत करता आले नाही, आईवडिलांच्या जाडीवरून मात्र करता आले. पण पुण्यामुंबईच्या मुलांची जनुके दोन पिढ्यांत बदललेली नाहीत, त्यांच्या भोवतीचे जग बदललेले आहे. चरकाचेच शब्द घ्यायचे तर बीज तेच आहे, जमिनीला पाणी जास्त झाले आहे. ज्या घरात आईवडील दोघेही स्थूल आहेत, तिथे मुलाचे बीज बदलता येत नाही म्हणूनच पाण्याकडे अधिक लक्ष हवे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो करणारे बहुधा अंगणवाडीच्या कामाशी जोडलेले असतात. ज्या राज्यात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले उंचीने खुरटलेली आहेत तिथे लठ्ठपणाची चर्चा ही मध्यमवर्गाची चैन नव्हे काय? हा आकडा २०१९च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा आहे आणि तो लाजिरवाणा आहे. त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या जादा वजनाच्या मुलांचे प्रमाण ४.१ टक्के आहे. आधीच्या पाहणीत ते १.९ होते. चार टक्के म्हणजे लाट नव्हे, आणि दोन पाहण्यांमधल्या फरकावर फार मोठा डोलारा उभारू नये. पण खुरटलेले मूल आणि स्थूल मूल ही दोन वेगळ्या जगांतली मुले आहेत ही समजूतच वरच्या अभ्यासांनी मोडीत काढली आहे. उपाशी आईच्या पोटी लहान जन्मलेले बाळ आणि सहाव्या वर्षी पाच रुपयांच्या पाकिटावर वाढणारे मूल बऱ्याचदा एकच असते. पहिल्या हजार दिवसांत कमी मिळालेले पुढे तेल आणि साखर देऊन भरून निघत नाही, उंची वाढत नाही आणि पोट वाढते. कुपोषणाशी लढणाऱ्यांनी या विषयाला परका मानू नये.

तिसरा आक्षेप असा: इतिहासाच्या आडोशाने तुम्ही पालकांना मोकळे सोडता. मोकळे सोडण्याचा हेतू नाही. मात्र त्यांच्याकडून काय मागायचे हे नीट ठरवले पाहिजे. आज घरात सर्वांत जास्त जोर लावला जातो तो ताटावर: एवढी पोळी संपव, दूध पिऊन मगच उठायचे. यामागे आईची अगतिकता असते. सासरी किंवा माहेरी आलेला प्रत्येक पाहुणा ‘किती वाळलाय गं’ म्हणतो तेव्हा ते बोलणे मुलाला उद्देशून नसते, आईच्या हातच्या जेवणावर दिलेला तो शेरा असतो. मुलाचे वजन हे आईच्या कर्तव्याचे प्रमाणपत्र झाले आहे आणि वडिलांना त्या परीक्षेला कोणी बसवत नाही. अमेरिकेतल्या डॉ. क्लॅरा डेव्हिस यांनी १९२०च्या दशकात, म्हणजे आपल्याकडे बाळांच्या स्पर्धा सुरू झाल्या त्याच काळात, नुकतीच अंगावरून तोडलेली पंधरा बाळे निवडून त्यांच्यापुढे तीसेक साधे पदार्थ ठेवले आणि काय, किती खायचे ते त्यांच्यावर सोडले. मुले उत्तम वाढली. लोकांनी यातून ‘मुलाला सगळे कळते’ असा अर्थ काढला. डेव्हिस यांनी स्वतःच बजावले होते की खरी मेख पदार्थांच्या यादीत होती. तिच्यात साखर घातलेले किंवा कारखान्यात तयार झालेले काही नव्हतेच. पालकांची जबाबदारी नेमकी तिथे आहे. घरात काय येते हे त्यांच्या हातात आहे, किती खायचे हे मुलाच्या भुकेवर सोडता येते. आपण उलट करतो. दुकानातून काय आणायचे ते मूल ठरवते आणि किती घास घ्यायचे ते आई.

घराबाहेरचे मात्र पालकांच्या हाती नाही, आणि तिथे त्यांच्यावर भार टाकणे अन्यायाचे आहे. राज्य सरकारने मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून चिप्स, नूडल्स, बर्गर, पिझ्झा असे पदार्थ विकायला मनाई केली. २०२० साली केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने शाळेभोवतीच्या पन्नास मीटरांतही ती लागू केली. फाटकाबाहेरच्या टपरीवर एक नजर टाकली की अंमलबजावणी किती झाली ते कोणालाही दिसते. २०२५ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने (सीबीएसई) शाळांत पेयांतल्या साखरेचे फलक लावायला सांगितले. चांगले आहे. पण मैदान नसलेल्या शाळेला परवानगी देणारे प्रशासन आणि फलक वाचून शहाणे व्हावे अशी अपेक्षा असलेला पालक, यांत जबाबदारीचे वाटप बरोबर झाले आहे असे म्हणवत नाही.

सुदृढ बालक स्पर्धा अजूनही होतात. त्या बंद करा असे म्हणणे सोपे आहे, पण आदिवासी पाड्यावर आणि शहरातल्या वस्तीत त्या निमित्ताने मूल तपासले जाते, लस राहिली असेल तर कळते. त्या चालू ठेवाव्यात, मात्र तान्ह्यांपुरत्या. दोन वर्षांपुढच्या मुलाला वजनासाठी बक्षीस देणारी मंडळे नकळत मुलांचे नुकसान करीत आहेत आणि त्यांच्या परीक्षकांच्या खुर्चीवर बसणाऱ्या डॉक्टरांनी हे त्यांना स्पष्ट सांगायला हवे. पालकांनी वर्षातून दोनदा मुलाचे वजन करून घ्यावे आणि प्रत्येक वेळी उंचीही मोजायला लावावी. नुसत्या वजनाच्या आकड्यावरून मूल खुरटते आहे की स्थूल होते आहे, हे डॉक्टरलाही सांगता येत नाही.